वैशाखातली गिटार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि सावद्याहून माझा भाचा भुसावळला आमच्याकडे आला, तो पाठीवर गिटारची बॅग अडकवूनच. भर दुपारची गाडी पकडून आला होता. बॅग भिंतीला टेकवली, माठातलं पाणी घटाघटा प्यायला आणि कूलरसमोर बसत म्हणाला, "मावशी, ही कुणाला तरी देऊन टाक. माझ्या हातातच नाहीये ते." बारावीची परीक्षा दिलेला मुलगा. केळीचे पैसे हातात आले तेव्हा बापामागे लागून लागून त्याने ही इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. पावसाळ्यात, दिवाळीत, अगदी थंडीतही फोन करून नवीन काय बसवलं ते ऐकवायचा. होळीनंतर फोन यायचे थांबले, ते परीक्षेमुळे असतील असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी त्याचा डावा हात धरून खिडकीच्या उजेडात पाहिला. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, ते पडायलाच हवेत. पण तर्जनीच्या मुळाशी, जिथे हात नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, कडेवरून सरकतो तिथे, बारीक बारीक ओरखडे होते. एकाखाली एक. काही सुकून काळे पडलेले, एक ताजा, लालसर. अंगठ्याच्या आतल्या बाजूलाही तसेच. हे कशाने, विचारलं तर म्हणाला, "माझी धरायची पद्धत चुकते. व्हिडिओत सांगतात ना, सुरुवातीला दुखतं, सहन करा." मी गिटार बॅगेतून काढली आणि नेकच्या कडेवरून तळवा वर नेला. एकेका फ्रेटचं टोक हाताला टोचत गेलं, थेट पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

पोराचं काही चुकत नव्हतं. लाकूड आकसलं होतं.

फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या ठोकून बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. त्या धातूला म्हणतात निकेल सिल्व्हर, पण त्यात असतं तांबं, जस्त आणि निकेल. चांदीचा कणही नसतो. हवेतल्या ओलाव्याने हा धातू कमीजास्त होत नाही. लाकूड होतं, आणि तेही लांबीत फारसं नाही, रुंदीत. आपल्याकडे एप्रिल लागला की हवा इतकी कोरडी होते की दोरीवर टाकलेला ओला टॉवेल बघता बघता कडक होतो. पारा 45 च्या पुढे जातो. त्या हवेत फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट जिच्यावर बसवतात ती नेकवरची लाकडी पट्टी, आपल्यातला ओलावा सोडतो, जरासा अरुंद होतो, आणि जिथल्या तिथे राहिलेल्या फ्रेटची टोकं दोन्ही कडांनी बाहेर येतात. महागड्या गिटारीत ही टोकं माणसाने बसून गोल घासलेली असतात, लाकूडही नीट वाळवून मुरवलेलं असतं. स्वस्त गिटारीत कारखान्याने पैसे वाचवलेले असतात ते नेमके याच कामात. ती बनते एका हवेत, विकली जाते दुसऱ्या हवेत, आणि वैशाखात सावद्याच्या पत्र्याच्या माळ्यावर येऊन पडते.

त्याचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. हातातच नाहीये. पेटीचा एखादा सूर बेसूर लागला तर आपण पेटीला नाव ठेवतो, कारण चांगली पेटी आपण कुठे ना कुठे ऐकलेली असते, भजनात, शाळेत. इलेक्ट्रिक गिटार सावदा-फैजपूरच्या पोराने आयुष्यात एकच हातात घेतलेली असते, ती त्याची स्वतःची. ती टोचली, खडखडली, सुरात राहिली नाही, तर तो कशाशी ताडून बघणार? त्याच्यापुढे एकच निष्कर्ष उरतो, की आपल्यात ते नाही. मग गिटार कपाटावर जाते आणि घरातले म्हणतात, आम्ही सांगतच होतो, चार दिवसांचं वेड. मला याचा राग येतो. किती पोरंपोरी एका कानशीच्या तासाभराच्या कामासाठी संगीतातून उठून गेल्या असतील, याचा हिशेब कुणाकडेच नाही. पुण्या-मुंबईत गिटार नीट लावून देणारी माणसं आहेत, त्यांचं ते पोटापाण्याचं काम आहे. इकडे दुकानं गिटार विकतात. विकल्यानंतर ती जिची तिने आणि ज्याची त्याने सांभाळायची.

आमच्या घरात मात्र माणसाला दोष देण्याआधी वस्तू तपासायची रीत होती, कारण माझे वडील, नाना, रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडला फिटर होते. शेडवरून आले की निळ्या डांगरीला ग्रीसचा आणि गरम वार्निशचा मिळून एक वास असायचा, आणि वरच्या खिशात फिलर गेज. पात्यांचा जुडगा, प्रत्येक पातं वेगळ्या जाडीचं, त्यावर मिलिमीटरचे आकडे कोरलेले. लहानपणी मी ती पाती पंख्यासारखी उघडून बसायची. सगळ्यात पातळ पातं उजेडासमोर धरलं की थरथरायचं. "खेळनं नाही ते," नाना म्हणायचे, पण काढून घ्यायचे नाहीत. दोन भागांमधली फट डोळ्यांनी बघून सांगू नये, त्यात पातं घालून सांगावी, हे मी शाळेत जायच्या आधीच शिकले असेन.

गिटार माझ्या आयुष्यात आली ती रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधल्या ऑर्केस्ट्रांमुळे. आम्ही पोरं पुढे सतरंजीवर बसायचो आणि सगळे गाणाऱ्याकडे बघत असताना मी त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे बघायची, ज्याच्या पायाशी डब्या होत्या आणि ज्याचा हात हलला की पोटात काहीतरी हलायचं. दुसरा माझा माणूस लग्नसराईतला. बँडच्या गाडीवर भोंग्यांखाली बसलेला बेंजोवाला. बटणं दाबायचा तो बेंजो, ज्याचं मूळ 1912 साली जपानमध्ये निघालेल्या ताइशोगोतो नावाच्या वाद्यात आहे. आपल्याकडे येऊन त्याला पिकअप लागला, इको लागला, आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे तो असा काही रडायला आणि नाचायला लागला की जपान्यांनाही ओळखू येऊ नये. आमच्या गल्लीत राहणारा एक बेंजोवाला सराई सुरू व्हायच्या आधी ओट्यावर वाद्य उघडून बसायचा. एकेक स्क्रू आवळायचा, तारा बदलायचा, पिनांवर सोल्डर मारायचा. शेजारीपाजारी त्याला विचारायचे, बंद पडलं का? तो म्हणायचा, बंद पडू नये म्हणून.

नोकरी लागल्यावर मी नाशिकहून माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार आणली. नानांनी ती उलटसुलट करून पाहिली. सेल नाही, प्लग नाही. "याच्यात करंट कुठून येतो मंग?" मी पिकअप दाखवला. लोहचुंबकाच्या दांड्या, भोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार इतकी बारीक की केस तिच्यापुढे जाड वाटावा. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. 1831 साली फॅरेडेने दाखवलं तेच तत्त्व. नाना क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे ही उलटी मोटर झाली." हो, तसंच. 25 हजार व्होल्टच्या तारेखाली ज्याची सारी नोकरी झाली, त्या माणसाला काहीशे मिलिव्होल्टांच्या या विजेचं भारी कौतुक वाटलं. संगीताशी त्यांचा संबंध भजनापुरता. माझं वाजवणं त्यांना आवडतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून गिटारची तब्येत त्यांनी स्वतःकडे घेतली.

पोरं मला विचारतात, 20 हजारांत कोणती घेऊ? त्यांना नाव हवं असतं. नावं सगळ्यांना माहीत आहेत. यामाहाची पॅसिफिका 1990 पासून बाजारात आहे, फेंडरने स्क्वायर हा स्वस्त शिक्का 1982 साली सुरू केला, आयबनेझची जिओ आहे, कोर्ट आहे. यातल्या बऱ्याच गिटारी इंडोनेशियात किंवा चीनमध्ये बनतात आणि यांपैकी कुठल्याही कंपनीची घेतली तरी शिकणाऱ्याचं काही अडत नाही. अडतं ते हे, की एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या नसतात. म्हणून मी म्हणते, नाव बाजूला ठेव आणि हात फिरव. नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा ने. टोचली तर दुकानदाराला तिथेच सांग. मग गिटार छातीशी उचलून, बंदुकीचा नेम धरावा तशी, एका टोकाकडून नेकच्या लांबीवर नजर टाक. पिळवटलेली दिसली तर खाली ठेव, कितीही सुंदर रंग असला तरी. सहाही तारांवर एकेक फ्रेट दाबत शेवटपर्यंत जा. कंटाळवाणं काम आहे, दुकानातला माणूस घड्याळ बघायला लागतो, बघू दे. कुठे खडखडतं, कुठे आवाज लगेच मरतो, ते तिथेच कळतं. ऑनलाइन मागवली तर हे सगळं घरी, परत करायची मुदत संपायच्या आत.

ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग, मात्र मी हट्टाने साधा घ्यायला लावते, न हलणारा. तारा हलवून आवाज लहरवणारी दांडी पोरांना मोहात पाडते, पण स्वस्त दांडीवाला ब्रिज एकदा दाबला की सहाही तारा आपापल्या वाटेने जातात, आणि ज्याचा कान अजून तयार व्हायचा आहे त्याने बेसूर तारेवर सराव करण्यासारखा दुसरा तोटा नाही. दांडीवाली आधीच घरात असेल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे स्क्रू आवळावेत, म्हणजे ब्रिज बॉडीला घट्ट टेकून बसतो आणि गिटार सुरात टिकते. आणि ब्रिजजवळचा पिकअप शक्यतो हंबकर असावा. 1955 साली गिब्सनच्या सेथ लव्हरने तो काढला: दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडायच्या आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे, म्हणजे आसपासच्या विजेची गुणगुण दोघींत उलटी येऊन आपोआप कटते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. आपल्याकडच्या ट्यूबलाइटी, कूलर आणि जुनं वायरिंग बघता हे मोठं सुख आहे.

जुनी गिटार घ्यायची असेल तर मी मल्टिमीटर सोबत नेते. हे नानांचं शिकवणं. गिटारला केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनेवर मीटरची एक तार टोकाला आणि दुसरी मागच्या दांड्याला धरायची. साध्या सिंगल कॉइलला साधारण 6 हजार ओहमच्या आसपास आकडा येतो, हंबकरला बहुतेक वेळा 8 हजारांच्या आगेमागे. आकडा याहून कितीतरी पटींनी चढला, लाखांत गेला, तर आत कॉइल तुटलेली आहे, आणि विकणारा कितीही म्हणाला की नुसती वायर सुटली असेल, तरी किंमत त्या हिशेबानेच बोलायची. फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का, नेकमधल्या ट्रस रॉड नावाच्या सळईच्या नटाचे कोपरे झिजून गोल झालेत का, हेही बघते. बाकी ओरखडे, उडालेला रंग, कुणीतरी चिकटवलेले स्टिकर, याकडे मी बघत नाही. त्याने उलट भाव उतरतो.

आणि सगळे पैसे गिटारवर घालू नयेत. 20 हजार असतील तर पाच-सहा हजार छोट्या अ‍ॅम्पसाठी, चांगल्या केबलसाठी, तारांसाठी राखावेत. आवाज अ‍ॅम्पमधून येतो, लोक हे विसरतात.

भाच्याची गिटार त्या संध्याकाळी उतरतं ऊन गच्चीच्या कठड्यापर्यंत आल्यावर आम्ही अंगणात घेतली. नाना चष्मा पुसत आले, खाट ओढली, गिटार मांडीवर आडवी घेतली. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबली, आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात फिलर गेजचं पातं घालून पाहिलं. तिथे साधारण पाव मिलिमीटर, 0.25 ची फट हवी. 0.05 चं पातंही जाईना. लाकूड सुकून नेक मागे झुकला होता, तार फ्रेटवर लोळत होती, म्हणून खालचे सूर खडखडत होते. भाचा म्हणाला, "मला वाटलं मी जोर कमी लावतो." दोन महिने तो जास्त जोर लावत होता.

नेकच्या पोटात एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सनच्या कारखान्यातून 1920 च्या दशकात आलेली युक्ती. सहा तारा मिळून नेकला पुढे वाकवायला बघतात, सळई त्याला मागे धरून ठेवते. अ‍ॅलन की, म्हणजे सहाकोनी चावी, घड्याळाच्या दिशेने फिरवली की नेक सरळ होतो, उलट फिरवली की तारांच्या ओढीला वाव मिळतो. भाच्याने की हातात घेतली आणि एकदम अर्धा फेरा द्यायला निघाला. नानांनी मनगट धरलं. "पाव फेरा. मंग थांब. हे लाकूड हाये, याले सांगितलेलं उद्या कळतं." रात्रभर गिटार तशीच सुरात लावून ठेवली. सकाळी 0.20 चं पातं गेलं. मग आणखी थोडंसं, आणि दुसऱ्या दिवशी 0.25 चं पातं असं बसलं की जाताना नुसतं घासल्याचं जाणवावं. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजली, ब्रिजच्या छोट्या स्क्रूंनी ती पावणेदोन मिलिमीटरच्या जवळ आणली. शेवटी सूर: बाराव्या फ्रेटवर तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, म्हणजे हार्मोनिक, आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर एक यायला हवेत. दाबलेला चढा आला की सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा, मागे, उतरला की पुढे. हे काम भाच्याने एकट्याने केलं, जीभ दातांत धरून.

फ्रेटच्या टोकांवरून मात्र घरात वाद झाला. माझं म्हणणं, थांबूया. मृगाचा पाऊस आला की लाकूड फुगेल आणि टोकं आपोआप आत जातील, आत्ता कशाला कानस लावायची. नाना म्हणाले, "आत्ताच घासायचं. आत्ता लाकूड सगळ्यात बारीक हाये. पावसात ते फुगंल, पुढच्या वैशाखात पुन्हा इथवरच येईन. तव्हाही टोक टोचनार नाही." त्यांचं बरोबर होतं. मी वाचलेल्या सल्ल्यांमध्ये हिवाळ्यात घर तापवणाऱ्या देशांचे महिने होते. नानांनी आपला महिना धरला. फ्रेटांमधल्या लाकडावर मास्किंग टेप लावली, बारीक कानस तिरपी धरली. पोराच्या हातात दिली. "दाबायची नाही. पुढे ढकलायची. येताना उचलून आनायची, घासत आनू नको, दात मरतात." चाळीसच्या वर टोकं, एकेक करून. तांबूस-पांढरा भुगा टेपवर साचत गेला. मग सरकीतून काढलेला कापसाचा बोळा घेऊन आजोबा-नातवाने नेकच्या कडेवरून वर-खाली फिरवला. जिथे तंतू अडकला तिथे अजून टोक शिल्लक. कापूस कुठेच अडकेना तेव्हा नानांनी मान हलवली. फिंगरबोर्ड राखाडी, तहानलेला दिसत होता. जुन्या लुगड्याच्या चिंधीवर लिंबू तेलाचे चार थेंब घेऊन पुसला, तसा तो डोळ्यांदेखत गडद झाला. हे तेल उघड्या गडद लाकडासाठी. वार्निश मारलेल्या फिकट मेपलच्या नेकला ते नुसतं माखून काही उपयोग नाही.

भाच्याच्या फिंगरबोर्डचं लाकूड ऐनाचं निघालं. पूर्वी या गिटारींना शीसम असायचा, पण 2017 च्या सुरुवातीपासून शीसमाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स कराराचे, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या कराराचे, परवाने लागायला लागले. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, तोवर स्वस्त गिटारींवर दुसरी लाकडं आली होती, त्यात इंडियन लॉरेल म्हणून येतो तो आपला ऐन. यावलच्या पुढे सातपुडा चढायला लागलं की साग आणि अंजनाच्या सोबतीने तो उभा दिसतो. पोराला हे सांगितलं तर त्याने फिंगरबोर्डवर पुन्हा एकदा बोट फिरवलं. आता टोचत नव्हतं.

आपल्याकडे गिटार सांभाळायची म्हणजे कूलर सांभाळायचा. मी वाचलेल्या सल्ल्यांमध्ये हे कुठे नव्हतं. 45 ते 55 टक्के आर्द्रता लाकडाला मानवते. मे महिन्यातली आपली दुपार त्याच्या फार खाली असते आणि कूलरच्या झोतातली रात्र फार वर. दिवसभर सुकायचं, रात्रभर भिजायचं, त्यात मध्येच लाइट जाऊन पुन्हा सुकायचं, याने नेक हैराण होतो. म्हणून गिटार झोतात नको, खिडकीजवळ नको, पत्र्याखाली तर नकोच. वाजवून झाली की बॅगेत, चेन लावून. बॅगेत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. पाण्याचा थेंब गळता कामा नये. चारपाचशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते सोबत. पावसाळ्यात स्पंज काढून टाकायचा. तेव्हा उलटं होतं, नेक पुढे झुकतो, तारा वर उचलल्या जातात. आणि कुठल्याही महिन्यात भर उन्हातून आणलेली गिटार लगेच उघडू नये, बॅगेतच तासभर घरच्या हवेला येऊ द्यावी. बंद गाडीत तर मे महिन्यात मिनिटभरही ठेवू नये, डिंक सुटतो.

एका बाबतीत मात्र आपण नशीबवान. कोकणातल्या माझ्या मैत्रिणीच्या तारा पावसाळ्यात बघता बघता गंजतात, आपल्या कोरड्या हवेत त्या टिकतात, फक्त घाम पुसला पाहिजे. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारेच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून. सुरुवातीला 9 चा संच घ्यावा, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या 9 हजारांश जाडीची, बोटांना हलका. आवाज मेलेला, बोथट यायला लागला की तारा बदलाव्यात, तुटायची वाट बघू नये. केबल लावायच्या जॅकचा नट ढिला होतो, तो फिरत राहिला की आतली वायर पिळून तुटते. हाताने तपासून आवळत राहावा.

अर्थिंगबद्दल नानांना विचारल्याशिवाय हा विषय संपत नाही. अ‍ॅम्पमधून गुणगुण येत असेल आणि तारांना हात लावला की कमी होत असेल, तर गिटार ठीक आहे, फक्त आतलं शिल्डिंग, म्हणजे बाहेरची गुणगुण अडवणारं अस्तर, कमी आहे. पण हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथल्या तिथे बंद करायचं आणि घराचं वायरिंग दाखवायचं. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घालणारे लोक मी मंडळांच्या स्टेजवर पाहिले आहेत. एका हातात तार आणि ओठांना माइक लागला की जीव जाऊ शकतो. आमच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ-कोळसा घातलेला. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, ती वीज नीट पोटात घेत नाही. म्हणून मे महिन्यात नाना तुळशीला पाणी घालून झालं की उरलेली बादली त्या खड्ड्यात ओततात.

भाचा गिटार घेऊन परत गेला. मला आनंद झाला आणि त्याच्यासाठी काळजीही वाटली. गिटार दुरुस्त करता येते, पण तिच्यासोबत वाजवायला माणूस लागतो. सावद्यात त्याच्याबरोबर ड्रम वाजवणारं कोणी नाही, बेस धरणारं कोणी नाही. तो मोबाइलसमोर बसून परक्या शहरातल्या बँडबरोबर वाजवणार, एकटाच. मीही अनेक वर्षं तशीच वाजवली आहे. आखाजीला झोक्यावरच्या बाया गाणं म्हणतात तेव्हा एक उचलते, दुसऱ्या झेलतात. त्या सुरांना मी गिटारवर आणलं, पण झेलणारं मला इथे फार उशिरा मिळालं. त्याला इतका उशीर होऊ नये असं मनापासून वाटतं, आणि ते माझ्या हातात नाही.

मृगाचा पाऊस पडला आणि त्याचा फोन आला. तारा वर आल्यात, चावी आता घड्याळाच्या दिशेने फिरवू का? मी म्हटलं, आधी आकडा सांग. त्याच्याकडे आकडा होता. फैजपूरच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून त्याने स्वतःचं फिलर गेज आणलं होतं. "0.35." राहू दे, मी म्हटलं, हवा आठवडाभर एकसारखी होऊ दे, मग बघू. मग त्याने विचारलं, पिकअप बदलले तर आवाज सुधारेल का. नाही, आधी तो खोक्यासारखा अ‍ॅम्प बदल, तेही पुढच्या केळीला. "बरं," म्हणाला, आणि थोडं थांबून, "मावशी, फैजपूरचा एक मित्र जळगावला जुनी बेस गिटार बघायला जाणार आहे. नानांचं मीटर मिळेल का?"

मी नानांना विचारलं. मीटर एकटं कुणाला देणार नाही म्हणाले. रविवारी सकाळच्या गाडीने स्वतःच जातायत.